तळ्याचा डावा कोपरा

"हलू नका," मी म्हटलं. "आणि माझ्या नाकाकडे नको, डाव्या डोळ्याकडे बघा."

तो बघायला लागला आणि... मीच हलले.

चष्म्याच्या दुकानात नऊ वर्षं काढल्यावर माणसाच्या डोळ्यांत बघण्याचं काही वाटत नाही. भाजीवाल्याला भोपळ्याचं काय कौतुक? पट्टी कपाळाला टेकवायची, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, आकडा कागदावर लिहायचा, की पुढचं गिऱ्हाईक. काळे, घारे, जागून तांबारलेले, रडून सुजलेले असे दिवसाला पंधरा-वीस जोड डोळे बघते मी. एकाही जोडीने माझी पट्टी हलवली नव्हती. या माणसाच्या उजव्या भुवईत काहीतरी चमकत होतं, म्हणून ती हलली. निदान मी स्वतःची समजूत तशीच घातली.

"तुमच्या भुवईत काय आहे?"

"कुठे?"

मी नखाने अलगद काढलं. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, चौकोनी, गर्द निळा खडा माझ्या बोटाच्या टोकावर बसला होता.

"सापडला!" त्याचा चेहरा एकदम उजळला. "सकाळपासून अख्खी खोली झाडून काढली याच्यासाठी. आठशे तेवीस नंबर."

"तुमच्या डोळ्यांचा?"

"खड्याचा. डोळ्यांचा तुम्ही सांगणार ना, डॉक्टरीणबाई?"

"मी डॉक्टर नाही."

"मग बरंच झालं. डॉक्टरांची मला भीती वाटते." तो हसला आणि खिशातून रुमाल काढून त्या एवढ्याशा खड्याची पुडी बांधली. "डायमंड पेंटिंग करतो मी. तुम्ही बघितलंय का कधी? कॅनव्हासवर चिन्हं छापलेली असतात आणि वर डिंकाचा थर. ज्या चिन्हाला जो नंबर, त्या नंबरचा खडा तिथे चिकटवायचा. पोरखेळ वाटतो. पण एकदा बसलं ना..."

मी आकडा लिहिला. तो चुकला, खोडून परत लिहिला, आणि त्याचं कारण त्याचे डोळे नव्हते. घरी माझ्या पलंगाखाली असंच एक अर्धवट चित्र गुंडाळून पडलं होतं. ते आईचं होतं, आणि आईला जाऊन चार महिने झाले होते.

"बघितलंय," एवढंच मी म्हटलं.

तो फरशी बसवणारा कारागीर होता. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा महिने सक्तीने घरी बसावं लागलं, तेव्हा बहिणीने हा उद्योग हातात दिला. पुढच्या आठवड्यात तो नवा चष्मा न्यायला आला. तीन दिवसांनी स्क्रू सैल झाला म्हणून आला. मग काडी कानाला टोचते म्हणून. मग परत स्क्रू.

"या माणसाचा चष्म्याचाच स्क्रू सैल आहे ना, की आणखी कुठला?" आमच्या मालककाकांनी पेपराआडून विचारलं. तो काउंटरसमोरच उभा होता.

"काका, तो तर लहानपणापासूनच सैल आहे," तो म्हणाला. "घट्ट करणारं कुणी भेटलं नाही."

मी स्क्रू पिळला. गरजेपेक्षा जरा जास्तच.

बाहेर आठवडाभर आभाळ गच्च भरलेलं होतं, ना धड पडत होतं ना उघडत होतं. आईनंतर मला सगळे दिवस तसेच वाटायचे. दुकान, घर, एका माणसाचा कुकर, टीव्हीचा आवाज. कुणी विचारलं की मी सांगायचे, "जिन्यात पाय घसरला तिचा." ऐकणारा चुकचुकायचा आणि विषय संपायचा. आणि त्या कोरड्या दिवसांत हा भुवईत खडे घेऊन हिंडणारा माणूस आला, की दुकानातले दिवे कुणीतरी पुसून ठेवलेत असं वाटायचं. मला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून स्वतःचा रागही यायचा.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. मी न राहवून विचारलं, "कॅनव्हासवरचं प्लास्टिक सगळंच्या सगळं निघालं, वर धूळ बसली... तर डिंक परत येतो का?"

तो एकदम गंभीर झाला. "कुणी काढलं सगळं?"

"मावशीने. कौतुकाने बघायला गेली आणि ओढलं."

"अरेरे! प्लास्टिक तळहाताएवढंच मागे घ्यायचं असतं हो. तेवढं भरायचं, मग पुढचं. उघडा डिंक दिसला की धूळ, केस, मांजर, सगळे पाहुणे येऊन बसतात." मग माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "पण येतो परत. ओल्या फडक्याने अगदी हलक्या हाताने टिपायचं आणि वाळू द्यायचं. घासायचं नाही. चित्र तुमचं आहे?"

"आईचं."

"मग त्यांनाच आणा ना एकदा, मी—"

"ती नाही आता."

त्याने उगाच सांत्वनाचे चार शब्द काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र वहीच्या पानाएवढा एक छोटा कॅनव्हास, पेन, ट्रे आणि मेणाची वडी घेऊन हजर. "आधी यावर हात बसवा. आईच्या चित्रावर एकदम नको."

त्या दुपारी आणि पुढच्या कितीतरी दुपारी आम्ही काउंटरच्या टोकाला बसलो. तो शिकवायचा आणि मी मुद्दाम चुकायचे.

"मेण एवढं नाही भरायचं! पेनचं टोक नुसतं टेकवा. जास्त झालं की खडा पेनलाच धरून बसतो, सोडत नाही."

"काही माणसंही तशीच असतात."

"काहींना सोडायचंच नसतं," तो ट्रेकडे बघत म्हणाला. मग घाईघाईने, "हा ट्रे असा आडवा धरून हलवा... हलकेच. बघा, पैलूंची बाजू आपोआप वर येते. आता उचला."

मी उचलला, लावला, वाकडा लागला.

"एकाला एक चिकटवत जाऊ नका. चौकोनी खडे आहेत, शेवटच्याला जागा उरत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखं एक घर सोडून एक भरा, मग मधली घरं. फरशीचंही तेच. शेजारच्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही, की सहा महिन्यांत फुगते."

"शेजारच्याला किती जागा ठेवायची?" मी विचारलं. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलेलं होतं.

त्याने कोपराकडे बघितलं. काढलं नाही. "ते... शेजारच्याला विचारून ठरवावं."

आत काकांना जोरात खोकला आला.

असंच शिकत गेले. खडे डबीत ओतले की आधी डबीवर नंबर लिहायचा. गडद रंग दिवसाच्या उजेडात भरायचे, कारण दिव्याखाली तीनशे दहाचा काळा आणि नऊशे एकोणचाळीसचा निळा सख्खी भावंडं दिसतात. अर्ध्या तासाने उठून पाठ मोकळी करायची. आणि उरलेले खडे चित्र संपेपर्यंत फेकायचे नाहीत. "एखादा सुटतो, हरवतो. तेव्हा लाखाचा वाटतो," तो म्हणायचा.

शेवटी मी आईचं चित्र आणलं. संध्याकाळचं तळं, काठावर एक घर, घराला एकच पेटलेली खिडकी. आईने खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली होती. पाणी जवळजवळ भरून झालं होतं. घर आणि खिडकी मात्र कोरी, नुसती चिन्हं.

तो वाकून बघत राहिला. बोट उजवीकडून डावीकडे सरकत गेलं आणि डाव्या कोपऱ्याशी थांबलं. तिथे निळ्या पाण्यात काळ्याचे डाग होते, काळ्यात निळ्याचे.

"इथे डब्यांची अदलाबदल झालीय का?"

"घाईत असेल ती," मी म्हटलं.

ते खोटं होतं. खरं मला माहीत होतं, पण ते मी भिंतीलाही सांगितलं नव्हतं.

"मी चार दिवस घरी नेऊ? धूळ टिपून देतो, कडा दुमडल्यात त्या वजनाखाली सरळ करतो." मी होकार दिला. आईची वस्तू कुणाच्या तरी काळजीत आहे, या विचाराने चार रात्री मला शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. मी त्याच्या खोलीवर गेले. एकच खोली, भिंतीशी फरशांचे नमुने उभे, खिळ्याला लेव्हलची पट्टी, आणि टेबलावर पांढरं कापड झाकलेलं. त्याने डोळे मिटायला लावले, कापड बाजूला केलं.

"उघडा."

तळं गुळगुळीत झालं होतं. डावा कोपराही. निळं पाणी हळूहळू गडद होत काठाशी काळं होत गेलं होतं, एकाही डागाशिवाय. छापलं होतं अगदी तसं.

"सगळे चुकलेले खडे चिमट्याने काढले," तो आनंदाने सांगत होता, "आणि बरोबरचे बसवले. तीन दिवस लागले. आता बघा, कुणाला कळणारही नाही की—"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणजे... मला वाटलं, तुम्हाला..."

"ती चूक नव्हती!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तिला दिसत नव्हतं! कळतंय? माझ्या आईला दिसत नव्हतं, आणि मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे!"

मग इतके महिने कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. आई शिवणकाम करायची. दोन वर्षांपूर्वी कंटाळा आला म्हणून तिने मशीन विकली, आणि मी मानलं. पुढे सुईत दोरा ओवून दे म्हणायला लागली, मी ओवून दिला. एकदा मी तिला दुकानात बसवून डोळे तपासले, तिने खालच्या ओळीपर्यंत अक्षरं धडाधड वाचली. का नाही वाचणार? रोज दुपारी माझा डबा घेऊन यायची आणि माझं काम होईपर्यंत त्या तक्त्यासमोरच्या बाकावर बसायची. सात वर्षं. तक्ता तिला पाठ होता. आणि मी शाबासकी दिली, म्हटलं, आई, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. नंतर जिन्याची शेवटची पायरी तिला दिसली नाही. ती गेल्यावर घर आवरताना हे चित्र उघडलं, डावा कोपरा बघितला आणि जमिनीवरच बसले.

"जगाचे डोळे मोजते मी," मी म्हटलं. "घरातले दोन नीट मोजले नाहीत. ते एवढ्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. तिच्या हाताने. ते तुम्ही... पुसलंत."

तो उभा होता तसाच खाली बसला, त्या नव्या गुडघ्यासकट. मी चित्र उचलून गुंडाळायला लागले.

"खडे बाहेरच्या बाजूला..." तो अगदी हळू म्हणाला. "आत ठेवून गुंडाळलं तर एकमेकांवर दाबून सुटतात."

मी मुद्दाम आत ठेवून गुंडाळलं आणि निघाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर गेल्यावर थांबले, उलगडलं, खडे बाहेर ठेवून पुन्हा गुंडाळलं. राग त्याच्यावर होता, चित्रावर नव्हता.

अकरा दिवस तो आला नाही. कुणाचा स्क्रू सैल झाला नाही. काकांनी दोनदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "भांडलात?" मी मान हलवली. "मग रडून घे एकदाचं. काचांवर थेंब पडतायत, पुसता पुसता माझे हात दुखले." मी हसले आणि मग खरंच रडले. आणि त्याच दिवशी काकांनाही आईचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले. "मीही रोज तिच्याशी बोलत होतो गं," ते म्हणाले. "मला तरी कुठे कळलं?"

बाराव्या दिवशी तो आला. चष्मा जागेवर होता. दाढी वाढलेली. त्याने काउंटरवर एक पत्र्याची डबी ठेवली आणि शेजारी एक मोठा छापलेला फोटो.

"चारशे बारा आहेत," तो म्हणाला. "फेकले नव्हते. आमच्याकडे उखडलेली फरशी घरमालकाने सांगितल्याशिवाय फेकत नाहीत. आणि काहीही उखडायच्या आधी फोटो घ्यायचा, ही सवय आहे. कुठला खडा कुठे होता, यात सगळं दिसतं. मी चुकलो. न विचारता हात लावला... माफी मागायला नाही आलो, ती तुम्ही द्याल असं वाटत नाही. हे तुमचं तुम्हाला द्यायला आलो."

मी डबी उघडली. काळे-निळे खडे, आईच्या बोटांखालून गेलेले.

तो वळला. दारापर्यंत गेला. मग परत आला.

"एक सांगायचं राहिलं. हा फोटो मी अकरा दिवस बघतोय. रंग चुकलेत. पण ओळ बघा. कुठेही फट नाही, एकही खडा तिरका नाही. दिसत असूनही मला इतकं सरळ जमत नाही. त्या नुसत्या बोटांनी चाचपून लावत होत्या. शेवटपर्यंत." त्याने चष्मा काढून उगाच पुसला. "एवढी हुशार बाई ज्याच्यापासून लपवायचं ठरवेल, त्याला ते कसं दिसणार हो? तक्ता पाठ केला त्यांनी... तुम्हाला काळजी नको म्हणून. तुम्ही आंधळ्या नव्हता. त्या तुमच्यापेक्षा वरचढ होत्या, एवढंच."

त्याने माझा दोष संपला नाही. अजूनही संपलेला नाही. पण तो उचलायला दुसरं कुणीतरी वाकलं, हे मला त्या क्षणी कळलं.

"रविवारी घरी या," मी म्हटलं. "सकाळी. गडद रंग आहेत, उजेड लागेल."

रविवारी पाऊस बारीक पडत होता, पण खिडकीशी पुरेसा उजेड होता. आधी त्याने लावलेले बरोबर खडे आम्ही चिमट्याने काढले. डिंक दमला होता, त्यावर त्याने ब्रशने नव्या डिंकाचा पातळ हात फिरवला आणि तो चिकट होईपर्यंत आम्ही थांबलो. मग तो फोटो बघून सांगत गेला आणि मी लावत गेले.

"काळा. काळा. निळा. काळा. इथे चार निळे सलग."

"इथे दमली असेल," मी म्हणायचे. किंवा, "इथे मी कामावरून आले असेन, तिने घाईत झाकलं असेल." आईची एकेक दुपार माझ्या हाताखालून जात होती. मधेच मला पुढचं दिसेनासं व्हायचं. तो तेव्हा खिडकीचा पडदा आणखी थोडा सारायचा.

तिन्हीसांजेच्या आधी कोपरा भरला. एक घर सोडून.

"एक कमी आहे," मी म्हटलं.

"अशक्य. मी तीनदा मोजलेत." तो टेबलाखाली वाकला, गालिचा चाचपला, बाह्या झटकल्या. "काळा होता ना? आता इथे कुठे शोधायचा—"

"हलू नका," मी म्हटलं.

तो थांबला.

"नाकाकडे नको. माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

"भुवईत आहे का परत?"

मी उत्तर दिलं नाही. नुसती बघत राहिले. आज पट्टी नव्हती, आकडा लिहायचा नव्हता, मागे गिऱ्हाईक थांबलेलं नव्हतं. थकलेले, थोडे घाबरलेले, तपकिरी डोळे. नंबर मला पाठ होता. बाकीचं नव्हतं.

"सापडला?" त्याने जवळजवळ कुजबुजत विचारलं.

"केव्हाच," मी म्हटलं आणि मनगट वर केलं. खडा माझ्याच मनगटाला चिकटलेला होता. मघाशीच दिसला होता मला.

"मग हे... डोळ्यांत कशासाठी?"

"परत एखादं माणूस माझ्यासमोर रोज बसेल आणि मी नीट बघितलेलंच नसेल, असं मला होऊ द्यायचं नाहीये." माझा आवाज फुटला, तरी मी बोलले. "मला तू आवडतोस. तुझा स्क्रू, तुझा गुडघा, सगळं. पण काही दुखलं, काही दिसेनासं झालं, तर लपवायचं नाही. सांगायचं. कबूल असेल तरच थांब."

त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "गुडघा पावसात दुखतो. फार. तुला सांगितलं नव्हतं. आणि... तुझ्या दुकानात आलो त्या दिवसापासून स्क्रू मीच सैल करून आणायचो."

"ते काकांनाही माहीत आहे."

शेवटचा खडा मी त्याच्या हातात पेन देऊन त्याला लावायला लावला. काळा, निळ्या पाण्यात, चुकीच्या जागी. मग आम्ही वरून लाटणं फिरवलं, हलक्या हाताने, एकही सुटू नये म्हणून.

त्याने लावलेले ते चारशे बारा बरोबर खडे मी आईच्या सुईदोऱ्याच्या रिकाम्या डबीत ठेवलेत. दुकानात आता तीन तक्ते आहेत, काका दर सोमवारी बदलतात. आणि आई कशी गेली असं कुणी विचारलं, तर मी सांगते, तिला दिसत नव्हतं आणि मला ते कळलं नाही.

चित्र अजून पुरं झालेलं नाही. घर राहिलंय, खिडकी राहिलीय. रविवारी तो येतो, आम्ही तळहाताएवढं प्लास्टिक मागे घेतो आणि तेवढंच भरतो.